फीत कापल्यानंतरची काशी

काशीत एखादं काम करायचं ठरलं की कंपनीच्या बैठकीत पहिला प्रश्न निधीचा निघतो आणि घाटावर पहिला प्रश्न पुराचा. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. ९ सप्टेंबर १९७८ला पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं आणि आजवरचा उच्चांक तोच आहे. पण तेवढं व्हायची गरजच नसते. सर्वसाधारण पावसाळ्यातही बहुतेक घाटांच्या खालच्या पायऱ्या बुडतात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाता येत नाही, नावा बंद होतात, दशाश्वमेधची आरती वरच्या गच्चीवर जाते. मोठ्या पुरात तर मणिकर्णिकेवरच्या चितासुद्धा छतावर पेटवाव्या लागतात. मग सप्टेंबरच्या शेवटी पाणी उतरतं आणि मागे गाळ राहतो. पायऱ्या दिसेनाशा व्हाव्यात इतका गाळ. तो ओला असेपर्यंत पंप लावून पाण्याच्या झोताने काढावा लागतो. वाळला की कुदळ-फावड्याशिवाय हलत नाही. देवदिवाळीच्या आत घाट मोकळे व्हायला हवेत, म्हणून तेवढे आठवडे नुसती झुंबड असते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या कामात, म्हणजे आम्ही सगळे ज्याला सीएसआर म्हणतो त्यात, मी बरीच वर्षं काढली. त्या काळात या गाळासाठी निधी मागणारा प्रस्ताव मी मंजूर झालेला पाहिला नाही. एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याने मला कारण सरळ सांगितलं होतं. गाळ काढल्यावर घाट जसा होता तसाच दिसतो, मग अहवालात आधीचा आणि नंतरचा फोटो काय लावायचा? आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच काम करायचं, तर संचालक मंडळ विचारणार, गेल्या वर्षी झालं नव्हतं का? तो माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढे जो तक्ता होता त्यात दरवर्षी परत येणाऱ्या कामासाठी रकानाच नव्हता.

८ नोव्हेंबर २०१४ला अस्सी घाटावर पंतप्रधानांनी फावडं हातात घेतलं, तो फोटो देशभर गेला. त्यापुढचं काम मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं साठलेल्या मातीखालून अस्सीच्या पायऱ्या मोकळ्या करण्याचं काम सुलभ इंटरनॅशनलच्या माणसांनी केलं. त्यानंतर काही महिन्यांनी नागालँडहून आलेल्या तेमसुतुला इमसोंग नावाच्या तरुणीने थोडे स्वयंसेवक जमवून प्रभू घाट उचलला. घाटावर माणसांची विष्ठा होती, तीही त्यांनी हाताने काढली. त्यांच्यामागे कुठलीही कंपनी नव्हती. कौतुक झालं, छायाचित्रं आली, आणि तरीही त्या येत राहिल्या. घाटावरचे लोक त्यांच्याबद्दल बोलताना ‘आल्या होत्या’ म्हणत नसत, ‘येतात’ म्हणत. काशीत कामाची पारख या क्रियापदावरून होते, असं माझं मत झालं आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण पुढचे बरेच किस्से तिच्यातूनच निघतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतला एक आकडा गाठलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. १ एप्रिल २०१४पासून हे लागू झालं. कशावर खर्च करायचा याची यादी सातव्या परिशिष्टात आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वच्छ गंगा निधीचं नावही तिच्यात घातलं गेलं. २०२१च्या जानेवारीत नियम कडक झाले. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायची आणि तीन वर्षांत संपवायची. कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही. मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं. पैशाची गळती थांबावी म्हणून हे सगळं आलं, आणि ते यायलाच हवं होतं.

अडचण कॅलेंडरची आहे. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. निधी शिल्लक आहे हे बऱ्याचदा जानेवारीत लक्षात येतं, मग फोन सुरू होतात. मार्चमध्ये दर दोन दिवसांनी फोन, ‘यूसी कधी पाठवताय?’ यूसी म्हणजे निधी वापरल्याचं प्रमाणपत्र. इकडे घाटावर बांधकामाचे खरे महिने नोव्हेंबर ते जून. त्यातही पाणी सगळ्यात खाली जातं ते मे महिन्यात. एप्रिलमध्ये मंजुरी मागावी तर नव्या वर्षाचं बजेट अजून बैठकीत असतं. ते मंजूर होऊन पहिला हप्ता हाती येतो तेव्हा जुलै उजाडलेला असतो आणि गंगा पायऱ्या चढायला लागलेली असते. चांगली कामं मी यात अडकलेली पाहिली आहेत. कुणाची नियत खोटी नव्हती.

नावांचा किस्सा मला या सगळ्यात मोलाचा वाटतो. तो काशीतल्या सीएसआरचा सगळ्यात मोठा प्रयोग आहे आणि त्याच्यात यशही आहे, प्रश्नही आहेत.

बनारसच्या नावेचं इंजिन ज्यांनी जुन्या दिवसांत ऐकलं आहे त्यांना आठवेल. शेतातल्या पाण्याच्या पंपाचं असावं तसं डिझेल इंजिन लाकडी नावेत बसवलेलं, धडधड करणारं, मागे काळा धूर. पहाटेच्या वेळी पन्नास नावा एकदम निघाल्या की समोरचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नसे. तळाला डिझेलमिश्रित पाणी साचायचं, ते डब्याने उपसून गंगेतच ओतलं जायचं. मल्लाह आणि निषाद कुटुंबांचं पोट या नावांवर आहे. डिझेल महाग झालं की कमाई तिथेच चेपते. १ मे २०१६ला अस्सी घाटावर सौरऊर्जेवरच्या ११ ई-नावांचं वाटप झालं होतं. त्यानंतर मोठी उडी सीएनजीची. पंतप्रधानांनी २४ ऑक्टोबर २०१६ला वाराणसीतच ऊर्जा गंगा वायुवाहिनीच्या कामाचा आरंभ केला, तो गॅस शहरात पोहोचला आणि मग नावांचा विचार पुढे आला. पैसा ‘गेल’ या सरकारी कंपनीने आपल्या सामाजिक दायित्व निधीतून दिला, अंमल वाराणसी स्मार्ट सिटीकडे होता. योजना २९ कोटींच्या आसपासची सांगितली गेली. लहान नावेला सुमारे दीड लाख, मोठ्या नावेला आणि बजड्याला अडीच लाखांपर्यंत खर्च येईल, असा तेव्हाचा अंदाज. नाविकाने पैसे द्यायचे नाहीत, जुनं डिझेल इंजिन मात्र जमा करायचं.

कागदावर ही अट साधी दिसते. घाटावर ती सगळ्यात कठीण होती. नाविकाचं इंजिन म्हणजे त्याची उरलेली एकच मालमत्ता. ते बिघडलं तर तो स्वतः उघडतो, सुटा भाग मैदागिन किंवा लोहटियाच्या बाजारात मिळतो, दुपारपर्यंत नाव पुन्हा पाण्यात. नव्या इंजिनाला हात लावायची भीती. एका बैठकीत एक म्हातारा नाविक मागच्या रांगेतून उठला होता. आधी फायदे सांगितले गेले होते. धूर कमी, खर्च कमी, आवाज कमी. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पहिले ई बतावा, बिगड़ी त के बनाई?” बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, ते आधी सांगा. सभेत त्याहून महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारला नाही. तिथे बसलेल्या तंत्रज्ञांनी मान डोलावली, कारण त्यांनाही तो छळत होता. घाटावरच्या पोरांना या इंजिनाचं काम शिकवायचं, हा विषय तिथून चर्चेत वर आला.

दुसरा प्रश्न गॅस भरायचा कुठे? पंप काठावर बांधला तर पुरात बुडणार. उंचावर बांधला तर मे महिन्यात पाणी इतकं खाली जातं की नावेपर्यंत नळी पोहोचणार नाही. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली पातळी यांत दहा मीटरांहून जास्त फरक पडतो. म्हणून तरंगत्या धक्क्यावर सीएनजी स्टेशन आलं. पाणी चढलं की तेही वर, उतरलं की खाली. राजघाटाच्या पुलाजवळ जो पूर्वी खिडकिया घाट होता, तो आता नमो घाट झाला आहे, तिथे पहिलं. दुसरं दक्षिणेच्या टोकाला रविदास घाटावर, त्याचं उद्घाटन डिसेंबर २०२२मध्ये पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी केलं. जगात अशा तऱ्हेचं हे पहिलं काम असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच सुमारास सरकारी माहितीत इंजिनाच्या नावा सुमारे ८९० आणि त्यांपैकी बदललेल्या ७३५च्या आसपास होत्या. घाटावर फरक कळतो. धडधड कमी झाली. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, गळलाच तर वर निघून जातो, डिझेलसारखा नावेच्या तळाला साचत नाही. नदीच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोठी आहे.

आमच्या क्षेत्रात या प्रकल्पावर एक वाद हमखास रंगतो. नियम म्हणतो, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेलं काम सामाजिक दायित्वात धरायचं नाही. मग गॅस विकणाऱ्या कंपनीने गॅसवर चालणाऱ्या नावा करून देणं कशात मोडतं? इंजिन फुकट देणं आणि गॅस विकणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, आपला ग्राहक तयार करण्याला दान म्हणू नये. मी दोन्ही बाजूंची माणसं ऐकली आहेत. माझा कौल पहिल्या बाजूला आहे, आणि त्याचं कारण हिशेबाच्या पलीकडचं आहे. ज्या कंपनीचा गॅस रोज विकला जायचा आहे तिला ते इंजिन चौथ्या वर्षीही चालू राहायला हवं असतं. नुसतं देणाऱ्याचा संबंध प्रमाणपत्रावर संपतो. देणाऱ्याचा स्वार्थ दुरुस्तीत गुंतलेला असेल तर नाविकाचं त्यात भलंच आहे. फक्त तो स्वार्थ उघड लिहिलेला असावा.

पूर आला की नावांवर बंदी येते. त्या आठवड्यांत ना सीएनजी विकला जातो, ना नाविकाच्या घरात पैसा येतो. इतक्या मोठ्या प्रकल्पात या बंद आठवड्यांसाठी एक छोटा आधारनिधी बसला असता, असं मला अजूनही वाटतं.

काशीत मराठी माणसाला या विषयावर बोलताना अहिल्याबाईंचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. विश्वनाथाचं आजचं मंदिर त्यांनी १७८०मध्ये उभं केलं. मणिकर्णिकेचं बांधकाम त्यांचं, दशाश्वमेधाजवळ त्यांच्या नावाचा घाट आहे, आणि २०२१च्या डिसेंबरमध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामात त्यांचा पुतळाही आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामागची पैशांची व्यवस्था फार थोड्यांना माहीत असते, आणि माझ्या मते खरी थोरवी तिच्यात आहे.

होळकरांच्या घरात दोन तिजोऱ्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. दुसरी खासगीची. १७३४मध्ये थोरल्या बाजीरावांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर लावून दिली, ती पुढे सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. देशभरातली मंदिरं, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं, विहिरी हे सगळं बाईंनी या खासगीतून केलं. फौज आणि कारभार दौलतीतून. राघोबादादा होळकरांच्या संपत्तीवर डोळा ठेवून इंदूरकडे निघाले तेव्हा बाईंनी निरोप पाठवला की या धनावर मी तुळशीपत्र ठेवलं आहे, ब्राह्मण म्हणून दान घ्यायला आलात तर संकल्प सोडून देईन, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ती शब्दशः तशी घडली की नाही हा वेगळा विषय. खासगी आणि दौलत यांच्यामधली रेघ लोकांना किती स्पष्ट दिसत होती, हे मात्र तिच्यातून कळतं. आज कंपन्यांना वेगळं खातं उघडायला कायदा सांगतो. ती शिस्त बाईंनी अडीचशे वर्षांपूर्वी आपणहून पाळली.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे बांधून झालं की त्या थांबत नसत. पूजेला, दिवाबत्तीला, अन्नछत्राच्या शिध्याला, झाडलोट करणाऱ्याला उत्पन्न लावून दिलेलं असे. वर्षासनं ठरलेली. गंगाजलाच्या कावडी इथून देशभरातल्या देवळांत दरवर्षी जात, त्या वाहणाऱ्यांचीही तजवीज केलेली. आमच्याकडे प्रकल्प संपण्याच्या टप्प्याला ‘एक्झिट’ म्हणतात आणि त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावं लागतं. बाईंच्या कारभारात तो टप्पाच नव्हता.

एकदा दुर्गाघाटावरच्या एका मराठी घरात बसलो होतो. घर पिढ्यान्‌पिढ्या काशीतच. काका मराठी बोलताना मधूनच हिंदी वळण घेतात, पण पुरणपोळीला पुरणपोळीच म्हणतात. मी त्यांना आमच्या प्रकल्पांबद्दल सांगत होतो. तीन वर्षांचा आराखडा, मग हस्तांतर. ते म्हणाले, “अहो, तीन वर्षांत इथे नातवाचं जावळसुद्धा आठवणीत राहत नाही. तीन वर्षांनी तुम्ही जाणार, आणि आम्ही तर इथेच. मग वीज बिल कुणाच्या नावावर ठेवून जाणार?” त्यांच्या गल्लीत कुणीतरी बसवलेल्या पाण्याच्या मशीनचा संदर्भ होता. मशीन चांगलं होतं, फिल्टर बदलायला पैसे नव्हते.

कायम उत्पन्न लावून देणं हेही परिपूर्ण उत्तर नाही, तेही सांगायला हवं. संस्थानं विलीन झाली तेव्हा खासगीचं उत्पन्न सरकारकडे गेलं आणि बदल्यात त्या धर्मादाय कामांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला ठेवायचे ठरले. १९६२मध्ये खासगी ट्रस्ट झाला. आकडा ‘कायमचा’ ठरला, पण रुपयाची किंमत कायमची राहिली नाही. तेव्हा त्या पैशांत जे चालत होतं त्याचा अंशही आज चालणार नाही. शेताचं उत्पन्न पिकाबरोबर वाढतं, कागदावरची ठरीव रक्कम वाढत नाही. देखभालीचा निधी ठेवताना आज कुणी बँकेत एकरकमी ठेव ठेवून मोकळा होतो, तेव्हा मला हा आकडा आठवतो आणि मी तो मुद्दाम त्या बैठकीत सांगतो.

मराठी दानाची दुसरी बाजू मणिकर्णिकेपासून थोड्या अंतरावर, शिंदे घाटावर आहे. बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या दशकात तिथे भव्य घाट बांधायला घेतला. दगड इतका मोठा आणि भार इतका की काठाची माती तो पेलू शकली नाही, घाट खचला. पुढे तो पुन्हा बांधावा लागला. शेजारचं कललेलं रत्नेश्वर मंदिर पर्यटक फोटोसाठी शोधत येतात. काठ किती वजन झेलू शकतो हे नदीकाठच्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय दगड उतरवू नयेत.

याच शहरात १४ जून १९८६ला राजीव गांधींनी गंगा कृती योजनेचा आरंभ केला. मैलापाण्याचे पंप आणि शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली. वीज गेली की पंप थांबत आणि मैला थेट नदीत जाई. केंद्राने बांधलं, चालवायचा खर्च स्थानिकांवर आला, तो त्यांना झेपला नाही. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. रोज गंगास्नान करायचे आणि तुळशी घाटावरच्या प्रयोगशाळेत त्याच पाण्यातले जंतू मोजून घ्यायचे. विजेवर न अडणारी पद्धत हवी, हे ते २०१३मध्ये जाईपर्यंत सांगत राहिले. देणगीदारांना मी त्यांचं नाव आवर्जून सांगतो. मोजमाप रोज करायचं असतं, प्रकल्पाच्या शेवटी एकदा नाही.

विणकरांकडे येतो. बनारसी साडीला २००९मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यानंतर कंपन्यांचे प्रस्ताव वाढले, आणि त्यांतले बहुतेक प्रशिक्षणाचे. ज्या माणसाच्या घरात चार पिढ्या कढुआ नक्षी विणली जाते त्याला बाहेरून प्रशिक्षण काय देणार? त्याचं दुखणं वेगळं आहे. यंत्रमागावर त्याच्या नक्षीची नक्कल काही तासांत होते आणि ती बनारसी म्हणून विकली जाते. गिरस्ता, म्हणजे मधला व्यापारी, मजुरी ठरवतो. खड्ड्यातल्या मागात पावसाळ्यात ओल चढते, काम थांबतं. अशा एका बैठकीत बजरडीहाच्या एका विणकराने माझ्यासमोर कंपनीच्या ताईंना सांगितलं होतं, “बहनजी, सिखाइए मत, खरीदिए.” त्या ताई गप्प झाल्या आणि मग त्यांनी खरंच मुंबईला फोन लावला. खरेदी सामाजिक दायित्वात बसत नाही, असं उत्तर आलं.

पण हे करून दाखवलेलं उदाहरण याच शहरात होतं. टाटा समूहाच्या ताज हॉटेलांनी, २ टक्क्यांचा कायदा येण्याच्या कितीतरी आधी, वरुणा-गंगेच्या संगमाजवळच्या सराय मोहाना गावातल्या विणकरांकडून हातमागाच्या बनारसी साड्या घ्यायला सुरुवात केली. त्या साड्या भेटवस्तूंच्या दुकानापुरत्या नव्हत्या. हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्या राहणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांचा तो गणवेश झाला. गणवेश म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. तो झिजतो, नवीन लागतो, नवे कर्मचारी येतात, पुन्हा लागतो. पुढची ऑर्डर येणार हे विणकराला ठाऊक असतं. तो सूत आधी घेऊन ठेवू शकतो, मुलाला मागावर बसवायचं की सुरतेला पाठवायचं हे ठरवू शकतो. जो पैसा एरवी गणवेशाच्या खरेदीत गेलाच असता, तो एका गावाकडे वळवला गेला. त्यासाठी दानाची गरज पडली नाही.

माग द्यायचे म्हटले तरी पडद्यामागे बरंच काही घडतं. २०२१च्या नियमांनुसार या निधीतून घेतलेली वस्तू कंपनीच्या मालकीची राहू शकत नाही. ती संस्थेच्या, सरकारी यंत्रणेच्या किंवा लाभार्थींच्या गटाच्या नावावर करावी लागते. आमच्या सीएने हे सांगितल्यावर एका मोहल्ल्यात विणकरांचा गट बांधायला घेतला. कुटुंबं एकमेकांची शेजारी, तरी गट बांधायला वेळ लागला, कारण दोन घरांनी एकमेकांची नक्षी उचलल्याचं जुनं भांडण होतं. ते मिटवायला मोहल्ल्यातल्या सरदारांनी चार संध्याकाळी घातल्या. त्या संध्याकाळींचा खर्च कुठल्याच रकान्यात नव्हता, आणि त्यांच्याशिवाय एकही माग उभा राहिला नसता.

बायकांसाठी कपडे बदलायच्या खोल्यांचं असंच झालं. घाटावर पहाटे हजारो बायका स्नान करतात आणि ओल्या साडीत आडोसा शोधतात. एका कंपनीला पक्क्या खोल्या बांधायच्या होत्या, दर्शनी भागावर मोठा फलक. घाटावर फुलं विकणाऱ्या एका आजींनी आराखडा पाहून हात हलवला. पक्कं बांधाल तर पहिल्या पुरात गाळाने भरेल आणि मग तिथे कुत्री राहतील, असं त्यांचं म्हणणं. शेवटी सुटे होणारे पत्र्याचे कप्पे ठरले. फलक लहान झाला, त्यावर कंपनीत दोन बैठका झाल्या. जुलैत कप्पे सोडवायचे, वर नेऊन ठेवायचे, ऑक्टोबरात पुन्हा लावायचे. सोडवणार कोण? त्या आजींनीच त्या भागातल्या नाविकांना बोलावून मजुरी ठरवली. आणि ती मजुरी पाच वर्षांसाठी आधीच बाजूला काढून एका स्थानिक समितीच्या नावे ठेवण्यात कंपनीच्या लेखा विभागातल्या एका तरुण मुलीने फार मेहनत घेतली. नियमांची पानं उलगडून तिने वाट काढली. अशी माणसं कंपन्यांत असतात, त्यांची नावं अहवालात येत नाहीत.

शेवटी कॅन्सरच्या रुग्णालयांबद्दल. परळच्या टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर अंथरूण टाकून राहणारी पूर्वांचलची आणि बिहारची कुटुंबं मुंबईकरांनी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. बलिया, गाझीपूर, बक्सर इथून दोन रात्रींचा प्रवास, मग पदपथ. २०१८च्या मे महिन्यात लहरतारातलं रेल्वेचं जुनं कॅन्सर रुग्णालय टाटा मेमोरियल केंद्राने होमी भाभा कॅन्सर रुग्णालय म्हणून सुरू केलं. १९ फेब्रुवारी २०१९ला बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात महामना मालवीय कॅन्सर केंद्राचं उद्घाटन झालं. उभारणीत टाटा ट्रस्ट्सची मदत होती. मात्र रोजचं रुग्णालय, डॉक्टर, परिचारिका, यंत्रांची देखभाल हे अणुऊर्जा विभागाखालच्या टाटा मेमोरियल केंद्राकडे आहे. परळला हेच घडलं होतं. १९४१मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने रुग्णालय काढलं, १९५७मध्ये ते सरकारकडे गेलं आणि १९६२मध्ये अणुऊर्जा विभागाकडे. म्हणूनच ते आजही चालतं.

आता कुणी कंपनी काशीसाठी निधी घेऊन आली आणि नवी इमारत म्हणू लागली, तर मी त्यांना आधी या दोन रुग्णालयांच्या दारात सकाळी उभं राहायला सांगतो. तिथे आत उपचार आहेत. बाहेर, केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत राहायला परवडणारी जागा आणि दोन वेळचं जेवण हवं आहे. ते रोज हवं आहे, पुढच्या वर्षीही हवं आहे. त्यासाठी कंपनीने भाड्याच्या खोल्या घ्याव्यात, स्वयंपाकाला शेजारच्या बायकांचा गट लावावा आणि करारात पहिल्या वर्षाच्या आधी चौथ्या वर्षाचा आकडा लिहावा, एवढंच मी मागतो. गेल्या हिवाळ्यात एका कंपनीने तो आकडा लिहिला. एप्रिलमध्ये खोल्यांच्या किल्ल्या मिळायच्या आहेत.